आडात नाही, मग पोहऱ्यात आलं कसं? आनुवंशिकतेवरचे तुमचे प्रश्न

आनुवंशिकतेचा धडा वर्गात झाला की पुढचे आठ-पंधरा दिवस घरोघरी तपासणी चालते. कुणाच्या कानाची पाळी सुटी, कुणाची चिकटलेली, कुणाच्या हनुवटीला खळी, कुणाचे डोळे घारे. आणि मग पत्रं येतात. यावेळी बऱ्याच जणांच्या प्रश्नाच्या पोटात एकच धास्ती दिसली: 'हे माझ्यात आहे, आई-बाबांत नाही, मग मी त्यांचाच ना?' म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न: माझी जीभ दोन्ही कडांनी वळून नळी होते. आई-बाबा दोघांचीही होत नाही. हे प्रभावी लक्षण आहे, म्हणजे दोघांपैकी एकाची तरी जीभ वळायलाच हवी, असं शिकवलं. आता दादा म्हणतो, तुला बोहारणीला जुने कपडे देऊन घेतलंय. (इयत्ता आठवी, चिपळूण)

दादाला सांग, त्याची माहिती 1940 सालची आहे. त्या वर्षी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या अमेरिकी शास्त्रज्ञाने जीभ वळणं हे एका जनुकाने ठरणारं लक्षण असावं, असं मांडलं. माणूस साधासुधा नव्हता. फळमाशीच्या गुणसूत्रावर कोणतं जनुक कुठे बसलंय याचा जगातला पहिला नकाशा त्याने 1913 मध्ये काढला होता. त्यामुळे लोकांनी त्याचं म्हणणं लगेच उचललं आणि ते पाठ्यपुस्तकांत गेलं.

पण 1952 मध्ये एकसारख्या जुळ्यांची तपासणी झाली. अशा जुळ्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी असतात, म्हणजे एकाची जीभ वळली तर दुसऱ्याची वळायलाच हवी. तसं झालं नाही. काही जोड्यांत एकाची वळत होती, दुसऱ्याची नाही. पुढे खुद्द स्टर्टेव्हंटनेच आपलं जुनं मत सोडलं आणि पुस्तकांत ते अजून छापलं जातं याची आपल्याला लाज वाटते, असं 1965 मध्ये लिहिलं. तरी आज साठ वर्षं झाली, ते उदाहरण काही धड्यांतून हलत नाही.

कानाच्या पाळीचंही तेच. 'सुटी' आणि 'चिकटलेली' असे दोनच कप्पे नसतात. वर्गातल्या तीस जणांचे कान नीट बघ, निम्मे कान कुठल्या कप्प्यात टाकायचे यावर भांडण होईल. या लक्षणांमागे जनुकं असतात, पण अनेक असतात. वर्गात मोजणी आणि टक्केवारी शिकायला हा उपक्रम चांगला आहे. त्यावरून घरात न्यायनिवाडा करू नये.

प्रश्न: डीएनए, जनुक आणि गुणसूत्र या तिन्हींत फरक काय? परीक्षेत मी कायम गोंधळतो. (इयत्ता सातवी, सोलापूर)

डीएनए म्हणजे पदार्थ, एक अतिशय लांब आणि बारीक रेणू. त्यात ए, टी, जी, सी या चार घटकांची रांग असते. त्या रांगेचा एक ठरावीक तुकडा, ज्यात एखादं प्रथिन कसं बनवायचं हे लिहिलेलं असतं, तो म्हणजे जनुक. आणि हा लांब रेणू प्रथिनांभोवती गुंडाळून, घट्ट आवळून पेशीच्या केंद्रकात ठेवलेला असतो, ते गुणसूत्र.

आता आकडे. तुझ्या एका पेशीतला डीएनए उलगडून सरळ केला तर सुमारे 2 मीटर भरेल. माणसात 46 गुणसूत्रं, म्हणजे 23 जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून, एक बाबांकडून. एका संचात सुमारे 300 कोटी अक्षरं आणि प्रथिनं बनवणारी साधारण 20 हजार जनुकं. गुणसूत्रं जास्त म्हणजे प्राणी हुशार असं समजू नकोस. वाटाण्यात 14, कांद्यात 16, आंब्यात 40, आणि बटाट्यात 48. बटाटा आपल्या दोन पावलं पुढे आहे.

'जोडी' हा शब्द मात्र डोक्यात पक्का ठेव. प्रत्येक जनुकाच्या तुझ्याकडे दोन प्रती आहेत. पुढची बहुतेक उत्तरं त्यावरच उभी आहेत.

प्रश्न: मेंडेलने वाटाणाच का घेतला? आणि ते 3:1 नक्की येतं कुठून? आमच्याकडून फक्त चौकट पाठ करून घेतात. (इयत्ता नववी, नाशिक)

चौकट, म्हणजे आई-बापाचे घटक आडवे-उभे मांडून पुढच्या पिढीच्या शक्यता दाखवणारा तक्ता, पाठ करण्याआधी एक काम कर. किराणा दुकानातून मूठभर पांढरे वाटाणे आण, उसळीला वापरतात ते. मग बियाण्याच्या दुकानात जाऊन अर्केल जातीच्या मटाराचं बी बघ, थंडीत शेंगा सोलून खातो त्यातलीच ती एक गोड जात. पहिले दाणे गोल, गुळगुळीत. दुसरे सुरकुतलेले, चेपलेले. मेंडेलने ज्या सात लक्षणांवर काम केलं त्यातलं एक तुझ्या तळहातावर आहे.

ग्रेगोर मेंडेल हा ब्रनो शहरातल्या मठातला धर्मगुरू. तेव्हा ते शहर ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आज चेक प्रजासत्ताकात आहे. 1856 पासून सुमारे आठ वर्षं त्याने मठाच्या बागेत वाटाणे लावले. वाटाणा सोयीचा, कारण पीक काही महिन्यांत हाती येतं आणि फुलातले पुंकेसर व स्त्रीकेसर पाकळ्यांच्या आत बंद असतात. त्यामुळे फुलाचं फलन आपल्याच परागांनी होतं, शुद्ध वाण मिळतं. संकर करायचा असेल तर कळी उघडून कोवळे पुंकेसर चिमट्याने खुडायचे आणि दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. किचकट आहे, पण आपल्या ताब्यातलं आहे.

त्या काळी लोकांना वाटे, आई-वडिलांचे गुण दुधात पाणी मिसळावं तसे एकमेकांत मिसळतात. तसं असतं तर गोल आणि सुरकुतलेल्याच्या संकरातून अर्धवट सुरकुतलेले दाणे यायला हवे होते. मेंडेलला पहिल्या पिढीत सगळे गोल मिळाले. मग ती झाडं त्याने आपापल्याच परागांनी फळू दिली, तर पुढच्या पिढीत 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले. भागून बघ, 2.96 येतं. मधली पिढी गोल असूनही सुरकुतलेपण तिच्या आत शाबूत होतं. मिसळलं नव्हतं, पातळ झालं नव्हतं, नुसतं दिसत नव्हतं.

याचा अर्थ त्याने असा लावला: प्रत्येक झाडात एका लक्षणाचे दोन घटक असतात आणि बी तयार होताना त्यातला एकच पुढे जातो. कोणता, ते नशिबावर. दोन नाणी घे, प्रत्येकाच्या एका बाजूला 'गो' आणि दुसऱ्या बाजूला 'सु' चिकटव, आणि दोन्ही एकदम उडव. चार शक्यता: गोगो, गोसु, सुगो, सुसु. गोल दिसायला एक 'गो' पुरतो, म्हणून तीन गोल, एक सुरकुतलेला. चौकटीत आहे ते एवढंच. पण चार वेळा उडवून 3:1 येईल अशी अपेक्षा ठेवू नकोस. शंभर वेळा उडव, मग जवळपास येईल. मेंडेलने या एका लक्षणासाठी सात हजारांवर दाणे मोजले ते उगाच नाही.

आता पुस्तकात बहुधा नसलेला भाग, आणि मला सगळ्यात आवडणारा. एक 'गो' का पुरतो? 1990 मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी हे जनुक शोधून काढलं. ते साखरेपासून फांद्या असलेला स्टार्च बनवायला लागणारं एक विकर (एन्झाइम) तयार करतं. सुरकुतलेल्या दाण्यात या जनुकाच्या मध्येच डीएनएचा एक आगंतुक तुकडा घुसलेला आहे, त्यामुळे ते कामातून गेलंय. स्टार्च कमी बनतो, साखर उरते. साखर जास्त म्हणून कोवळा दाणा पाणी जास्त ओढतो, फुगतो, आणि वाळला की पाणी जाऊन सालीला सुरकुत्या पडतात. मटार गोड लागतो तो याच साखरेमुळे. दोन प्रतींपैकी एक जरी धड असली तरी दाणा गोल होण्याइतकं विकर तयार होतं, म्हणून 'गोल' प्रभावी.

तेव्हा प्रभावी म्हणजे बलवान, चांगलं किंवा जास्त आढळणारं असं समजू नका. हाताला सहा बोटं असणं हे अनेक घराण्यांत प्रभावी लक्षण म्हणून उतरतं, तरी सहा बोटांची माणसं क्वचितच दिसतात. आणि ओ रक्तगट अप्रभावी असून गल्लोगल्ली सापडतो.

मेंडेलने हे सगळं 1865 मध्ये वाचून दाखवलं, 1866 मध्ये छापलं, आणि कुणी फारसं लक्ष दिलं नाही. 1884 मध्ये तो गेला. त्याच्या कामाची किंमत कळली 1900 साली.

प्रश्न: बाबांचा रक्तगट ए, आईचा बी आणि माझा ओ. असं होऊ शकतं का? (इयत्ता आठवी, डोंबिवली)

होतं, सर्रास होतं. रक्तगटाच्या जनुकाचे तीन प्रकार आहेत: ए, बी आणि ओ. प्रत्येकाकडे त्यातले दोन. ए असलेल्या बाबांकडे 'ए-ए' असेल किंवा 'ए-ओ'. आईकडे 'बी-बी' किंवा 'बी-ओ'. तुझा गट ओ आहे, याचा अर्थ दोघांनीही आपला लपलेला ओ तुला दिला. अशा आई-बाबांची चार मुलं चार वेगळ्या गटांची असू शकतात: ए, बी, एबी आणि ओ. एबीमध्ये दोन्ही एकदम दिसतात, कुणी कुणाला झाकत नाही. त्याला सहप्रभावी म्हणतात.

मुंबईच्या जवळ राहतेस म्हणून एक जास्तीची गोष्ट. 1952 मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं की जे ओ गटाच्या रक्ताशीही जुळेना. ए आणि बी ही दोन्ही चिन्हं लाल पेशीवर 'एच' नावाच्या पायावर उभी राहतात. या लोकांमध्ये तो पायाच नव्हता. त्यामुळे ए किंवा बी चं जनुक असूनही पेशीवर काही दिसत नाही आणि नेहमीच्या तपासणीत गट 'ओ' म्हणून येतो. याला जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. शहराचं नाव बदललं, गटाचं तेच राहिलं. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो, युरोपात दहा लाखांत एखाद्याचा. या लोकांना फक्त याच गटाचं रक्त चालतं.

म्हणून रक्तगटाच्या तक्त्यावरूनही कुणी घरच्या घरी कुणाचे आई-बाप ठरवू नयेत. तक्ता बहुतेकदा बरोबर असतो, पण नेहमी नाही.

प्रश्न: माझ्या काकूंना तीन मुली आहेत. आजी म्हणते, आता चौथा मुलगाच होणार, आणि मुली झाल्या त्या काकूंमुळे. (इयत्ता नववी, बीड)

दोन्ही चूक. आईच्या बीजांडात कायम एक्स गुणसूत्र असतं. बाबांच्या निम्म्या शुक्राणूंत एक्स, निम्म्यांत वाय. एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकी बाईंनी पिठातल्या किड्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघून 1905 मध्ये वाय गुणसूत्राचा लिंगाशी संबंध दाखवला. म्हणजे फरक पडतो तो काकांकडून, आणि त्यातही काकांच्या हातात काही नाही. चौथ्या वेळी शक्यता पुन्हा निम्मी-निम्मी. आधी काय झालं हे शुक्राणूला ठाऊक नसतं. आणि आधीच तपासून बघू असं कुणी घरात बोलत असेल तर तो गुन्हा आहे. महाराष्ट्राने अशा तपासण्यांना आवर घालणारा कायदा 1988 मध्येच केला, केंद्राचा 1994 मध्ये आला.

प्रश्न: माझ्या ताईला सिकलसेल आहे, तिच्या हातापायांत खूप दुखतं. शाळेत तपासणी झाली तेव्हा मी 'एएस' निघालो. आई-बाबांना काहीच त्रास नाही. मग ताईला कुठून झालं? मलाही होईल का? मुलं माझ्याजवळ बसत नाहीत. (इयत्ता आठवी, गडचिरोली जिल्हा)

आधी शेवटचं. हा आजार शेजारी बसून, एका ताटात जेवून, डास चावून, कशानेही पसरत नाही. तो जन्माआधीच ठरतो. हे उत्तर वर्गात मोठ्याने वाचून दाखवायला शिक्षकांना सांग.

लाल पेशींत हिमोग्लोबिन असतं. ते बनवणाऱ्या एका जनुकात एक अक्षर बदललंय, 'ए' च्या जागी 'टी'. एवढ्याने हिमोग्लोबिनच्या साखळीतला सहावा दुवा बदलतो. ऑक्सिजन कमी झाला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दांड्या तयार होतात आणि एरवी गोल, लवचीक असणारी पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठर होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. ताईला दुखतं ते त्यामुळे. साधी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांत मोडते, म्हणून रक्तही कमी पडतं.

तुमच्या आई-बाबांकडे एक धड प्रत आणि एक बदललेली प्रत आहे. म्हणजे दोघंही तुझ्यासारखे 'एएस', वाहक. एक धड प्रत असल्यामुळे त्यांना त्रास होत नाही. ताईला दोघांकडूनही बदललेली प्रत मिळाली, ती 'एसएस'. तुला एकाकडून धड, एकाकडून बदललेली. वाहकाचा पुढे रुग्ण होत नाही. तू 'एएस' जन्मलास, 'एएस'च राहशील. खेळ, धाव, फक्त पाणी भरपूर पी.

आणखी एक गैरसमज मी विदर्भात आणि नंदुरबारकडे खूपदा ऐकलाय: 'चारपैकी एकाला होतो असं डॉक्टर म्हणाले, आमच्या एकाला झाला, आता बाकीचे सुटले.' नाही. प्रत्येक बाळाच्या वेळी शक्यता नव्याने तीच: चारात एक रुग्ण, चारात दोन वाहक, चारात एक पूर्ण निरोगी. आजीच्या चौथ्या नातवाचा हिशेब वर वाचलास ना, तसाच हा.

असा त्रासदायक बदल इतक्या पिढ्या टिकला कसा, असं तुला वाटेल. वाहकाला हिवतापाचा जीवघेणा प्रकार सहसा होत नाही. जंगलपट्ट्यात, जिथे पूर्वी हिवतापाने मुलं दगावत, तिथे 'एएस' मुलं जास्त वाचली आणि तो बदल पुढे आला. कुणाचं पाप नाही, कुणाचा शाप नाही.

ताईचं औषध सांगायचा अधिकार तिच्या डॉक्टरांचा आहे. हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी बऱ्याच रुग्णांना उपयोगी पडते, आणि 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत सरकारी दवाखान्यांतून तपासणी होते. तुझं 'एएस'चं कार्ड जपून ठेव. मोठा होऊन लग्न ठरवशील तेव्हा समोरच्या व्यक्तीचीही तपासणी झालेली असू दे. दोघांपैकी एक 'एए' (दोन्ही प्रती धड) असेल तर मुलांना हा आजार होणार नाही.

प्रश्न: गच्चीवर कुंडीत हापूसची कोय लावली आहे, रोप छान आलंय. हापूसच लागतील ना? (इयत्ता सहावी, पुणे)

बहुधा नाही. कोयीतलं रोप हे मोहोरातल्या फुलाचं फलन होऊन तयार झालेलं बाळ. त्याची आई हापूस, बाप कोण ते मधमाशी-माशीला ठाऊक. कदाचित पलीकडच्या बागेतला पायरी. शिवाय हापूसकडूनही त्याला दोनांपैकी एकच प्रत मिळाली. फळ येईल, चांगलंही असेल, पण ते वेगळं असेल. कोकणात अशा कोयीपासून वाढलेल्या आंब्यांना रायवळ म्हणतात आणि दर झाडाची चव निराळी असते.

हापूस हवा तर कलम लागतं. कलमात फलन नसतंच. हापूसच्या झाडाची काडी रोपावर बांधतात, तिचा डीएनए तोच राहतो, फळही तेच. म्हणजे बागेतली सगळी हापूसची कलमं एका अर्थी एकच झाड आहेत. संकर करूनही चांगलं काही मिळतं, पण निवड करत बसावं लागतं. कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ला केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' काढला, तो 1981 मध्ये बाहेर आला. हापूसला आतून साका होतो, म्हणजे गर पांढरट आणि स्पंजासारखा होतो, रत्नाला होत नाही. मग त्याच रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून 'सिंधू' आला, त्याची कोय पातळ.

तुझं रोप काढून टाकू नकोस. त्यावरच हापूसची काडी बांधता येईल, जवळच्या रोपवाटिकेत विचार.

प्रश्न: आई-बाबा बुटके असतील तर मी उंच होऊ शकत नाही का? (इयत्ता सातवी, अकोला)

उंची एका जनुकाची नाही. 2022 मध्ये सुमारे 54 लाख लोकांचा डीएनए तपासून झालेल्या अभ्यासात उंचीशी संबंधित 12 हजारांच्या आसपास बदल सापडले. प्रत्येकाचा वाटा नखाएवढा. त्यात लहानपणचं खाणं आणि आजारपणं यांचा हिस्सा मोठा. आई-बाबांपेक्षा चार बोटं उंच मुलं तुझ्याच वर्गात सापडतील.

प्रश्न: माझे बाबा पैलवान आहेत. त्यांनी कमावलेली ताकद मला आपोआप मिळेल का? (इयत्ता सहावी, कोल्हापूर)

नाही. जोर-बैठकांनी बाबांचे दंड बदलले, शुक्राणूंतली अक्षरं बदलली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ऑगस्ट वाइसमान या जर्मन शास्त्रज्ञाने पाच पिढ्या उंदरांच्या शेपट्या छाटल्या. नऊशेवर पिलं जन्मली, सगळी शेपटीसकट. उंदरांना त्रास द्यायची खरं तर गरज नव्हती. आपल्याकडे किती पिढ्या बाळांचे कान टोचतात, तरी सोनाराला अजून काम आहे. तेव्हा तालमीत जा.